टांग्याच्या घोडीची लेक

भाऊ, तुझं सुतक फिटायच्या आधीच घोडीला गिऱ्हाईक आलं. शिरपूरकडचा व्यापारी होता, सारंगखेड्याच्या यात्रेसाठी गावोगाव जनावरं बघत फिरणारा. तू गेल्याचं त्याला दारात आल्यावर कळलं. पायताण काढून तो ओट्यावर बसला, थोडा वेळ मान खाली घातली आणि मग रीतसर विचारलं, "घोडी कोठे शे?" मला त्याचा राग आला नाही. तूही कुणाच्या मयतीला गेलास की आधी गोठ्यात डोकावून यायचास.

परसात नेऊन त्याला घोडी दाखवली. त्याने दात बघितले, अंगावरचे भोवरे बघितले, गळ्याखालचा देवमण, तो शुभ भोवरा, बोटाने चाचपला, पायावरून खुरापर्यंत हात फिरवला. सगळं पसंत पडल्यासारखं दिसलं. मग त्याने विचारलं, "काय काम करस ही?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"टांगा वढस?"

"नही," मी म्हटलं.

"नवरदेव बसाडस?"

"नही."

"नाचस?"

"नही."

"मंग करस काय?"

"चारा खास," मी म्हटलं.

तो हसला नाही. यात्रेच्या आधी पुन्हा येतो, तोवर ठरवून ठेवा, म्हणाला आणि गेला. वहिनी घोडीच्या तोंडावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. "भाऊजी, मना गुडघा आते चालतस नही," त्या म्हणाल्या. "पोरी सासरले. कोन करी हिनं दानापानी? तुम्हना भाऊ व्हता तोपर्यंत ठीक व्हतं. धाडी द्या यात्राले." बोलणं बरोबर होतं. माझी नोकरी जळगावला, राहणं जळगावला, आणि तिथल्या दोन खोल्यांत घोडी बांधता येत नाही. पण मला राहून राहून वाटत होतं, की घोडी विकली तर आपलं भांडण कायमचं अर्धवट राहील. ती काय करते हे तुलाही ठाऊक नव्हतं. तू तिला कधी करूच दिलं नाहीस.

रडलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तो विषय संपेल. तुला दवाखान्यातून घेऊन निघालो तेव्हा गाडीत रडलो आणि मग धरणगाव येईपर्यंत मला झोप लागली. तुझ्याशेजारी मला नेहमीच झोप लागायची. टांग्यातही लागायची.

टांगा ही तुझी हौस होती. कपाशीची जमीन अर्ध्या वाट्याने लावून दिलीस आणि स्टेशन ते गाव टांगा सुरू केलास, तेव्हा आपले नाना, म्हणजे वडील, किती तरी दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. शेतकऱ्याच्या पोराने सवाऱ्या वाहायच्या, हे त्यांना पटत नव्हतं. तुला सवाऱ्यांचं काही नव्हतं. तुला घोडी पाळायला निमित्त हवं होतं. मैनी आली ती अशी. अंगाने बुटकी, छातीने रुंद, खांदा उभा, खूर दगडासारखे. डांबरावर ती कधी घसरली नाही. ट्रकने कानाशी हॉर्न वाजवला तर फक्त कान हलवायची, तेही उपकार केल्यासारखे.

तिची सगळ्या गावाला ठाऊक असलेली खोड म्हणजे थांबणं. तू लगाम ओढायचाच नाहीस. रस्त्याच्या कडेला कुणी हात वर केला की ती आपणहून थांबायची. सवारी चढली, टांगा मागे दबला की आपणहून निघायची. तू झापडं लावलेल्या घोडीमागे खुशाल डुलक्या घ्यायचास. एकदा ती बांधावरून पाखरं हाकलणाऱ्या म्हातारीपुढे थांबली, आणि म्हातारीने तुझा उद्धार केला. तू तिला फुकट गावात आणून सोडलंस. थांबलो तर सवारी घ्यायलाच हवी, असं तुझं म्हणणं.

मग कधीतरी कामानिमित्त तू धुळ्याला गेलास आणि पोलीस मैदानावर घोडे अडसरावरून उड्या मारताना बघितलेस. परत घरी न जाता सरळ माझ्याकडे जळगावला आलास. मी नुकताच पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागलो होतो, आणि नवीन नोकरीची ऐट अंगात होती. तू चहाही घेतला नाहीस.

"बापू," तू म्हणालास, "मैनीना पोटना घोडा तशी उडी मारी."

मी तुला शिकवायला बसलो. ओढणारं जनावर वेगळं आणि उडणारं वेगळं. टांग्याचं जनावर सगळा भार पुढच्या पायांवर घेतं, छातीने पट्ट्यात रेटतं, म्हणून त्याचा खांदा उभा असतो. उडी मारणाऱ्याला भार मागच्या पायांवर घ्यावा लागतो आणि खांदा तिरका लागतो. दोन्हीचा संकर केलास तर होईल काय, ना घरका ना घाटका. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस.

"पाय मायना ऱ्हातस, दम बापना ऱ्हास," तू म्हणालास. "माय मनाकडे शे. बाप तू शोध."

आणि मी बाप शोधायला लागलो. आता लक्षात येतं की तू मला बोलण्यात हरवलं नव्हतंस, कामाला लावलं होतंस.

बाप सापडला दोंडाईच्याजवळ. तिथल्या एका बागायतदार आबांनी पुण्याहून एक घोडा आणला होता, शर्यतीत पळून झालेला. उंच, सडसडीत, नाजूक कातडीचा, आणि स्वतःच्या सावलीला बुजणारा. मैनीला त्याच्या शेजारी उभी केली तेव्हा तिची पाठ त्याच्या पोटाला लागत होती. आबांनी तिच्याकडे बघून विचारलं, "टांग्याची?" तू होय म्हणालास. त्यांनी तिचा एकेक खूर उचलून पाहिला आणि म्हणाले, "होऊ द्या. चांगलं निघालं तर एकदा आणून दाखवा." दुसरं काही त्यांनी मागितलं नाही. माणूस हौशी होता. हौशी माणसं एकमेकांना लगेच ओळखतात.

जमादार, मैनीचं ते शिंगरू, जन्मला तो पुढच्या वर्षी, भर दुपारी. मी रजा काढून आलो होतो. चिखलात उभ्या केलेल्या चार काटक्या, तसे पाय. त्या पायांवर तो उठला, पडला, उठला. तू खांदा बघायला वाकलास आणि मी खूर बघायला वाकलो, आणि आपली डोकी एकमेकांवर आपटली. खांदा तिरका होता. खूर आईचे होते. त्या दुपारी मी तुझ्याएवढाच आनंदात होतो, भाऊ. नंतरच्या भांडणांत ते बोलायचं राहून गेलं.

आणि तिथेच आपली चूक झाली. आपली म्हणतो, पण मी बजावलं होतं. टांगेवाल्यांची रीत अशी की शिंगरू आईपासून तोडायचं नाही. टांगा जोडला की शिंगराला आखूड दोरीने आईच्या बाजूला बांधायचं आणि सोबत पळवायचं. त्याने छाती भरते, रस्त्याची भीती मोडते, आईचं दूधही तुटत नाही. तू जमादारला तसंच बांधलंस. दूध सुटल्यावरही बांधलंस. तो आईपेक्षा उंच झाला तरी बांधलंस, कारण स्टेशनवर लोक कौतुकाने बघायचे.

"भाऊ, हा टांग्याचा घोडा होईल," मी म्हणायचो.

"शिंगरूले मायपाईन तोडानं नही," तू म्हणायचास. "तू पुस्तक वाचीसन उना, मी घोडी पाळीसन उनू."

मैनी थांबली की जमादार थांबायचा. तिच्या अंगाला अंग लावून, तिच्यासारखाच एक मागचा पाय ढिला सोडून. मी ते बघायचो आणि तू सवारीचं गाठोडं उचलायचास.

तो मोठा झाल्यावर मात्र तू माझं ऐकलंस. टांग्यापासून सोडवलास, पाठीवर खोगीर घातलंस आणि मला बसवलंस, कारण तू वजनाने जड आणि मी तेव्हा वाळक्या काडीसारखा. शिकताना कॉलेजच्या घोड्यांवर मी थोडं बसलो होतो. आपण नाल्याकाठच्या पडीक रानात बांबू आडवे बांधले. लाल-पांढरा रंग तू स्वतः लावलास. दर रविवारी मी जळगावहून यायचो. जमादार पहिल्यांदा बांबूवरून गेला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. खालून काहीतरी सरकलं आणि मी न् जमादार पलीकडे होतो. वळून पाहिलं तर तू धोतराचा सोगा डोळ्यांना लावून उभा होतास. धूळ गेली म्हणालास. मी मान डोलावली. भाऊ, ते रविवार मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिले नाहीत. हे मी तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं, पण आपल्या घरात अशी बोलायची पद्धत नाही.

धुळ्याला प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर घोड्यांच्या उड्या व्हायच्या, आणि त्या वर्षी बाहेरच्या घोडेवाल्यांनाही भाग घेता येईल असं कळलं. कपाशीच्या रिकाम्या ट्रकमध्ये जमादारला चढवलं. दोंडाईच्याचे आबाही बघायला आले होते. तू कोरी टोपी घातली होतीस. मैदानाच्या कडेने दोर बांधला होता, आणि शेवटच्या अडसरापलीकडे, दोराला धरून तू उभा राहिलास.

त्या दिवशी जमादार कसा उडाला ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. त्यावर आपलं कधी दुमत नव्हतं. सगळे अडसर त्याने कान पुढे करून घेतले, जणू नाल्याकाठचे बांबूच. शेवटचा तेवढा राहिला. तो सगळ्यांत उंच होता. जमादारने वेग घेतला, मी पुढे झुकलो, आणि त्याच्या दोन कानांच्या मधून मला दोनच गोष्टी दिसल्या. एक तो अडसर, आणि त्याच्यामागे तुझा वर गेलेला हात.

जमादार थांबला. बुजून नाही, घाबरून नाही. अगदी मैनीसारखा, व्यवस्थित, कडेला घेऊन थांबला आणि मागचा एक पाय ढिला सोडला. मी थांबलो नाही. मी त्याच्या मानेवरून अडसरावर गेलो आणि अडसरासकट पलीकडे पडलो. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग गर्दीतून कुणाचा तरी, "सवारी भेटनी रे त्याले." सगळं मैदान हसलं. ते हसणं हाडापेक्षा जास्त लागलं.

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा तू म्हणालास, "रक्त शे. मायनं रक्त. वढानं रक्त उडी मारस नही. खाण तशी माती. तू म्हनत व्हता तेच खरं."

मी जन्मभर ज्या शब्दांची वाट बघत होतो ते तू बोललास, आणि ते चुकीचे होते.

"रक्त नही, भाऊ," मी म्हणालो. "तुना हात वर व्हता."

"मना? मना हात दोरवर व्हता."

"मी डोयाघाई देखं."

"मी हात वर कयाच नही," तू म्हणालास. "मुक्ताईनी आन शे."

चहा तसाच राहिला. तू शपथा घेणारा माणूस नव्हतास. सवारीशी भाड्यावरून वाद झाला तरी देवाचं नाव काढायचा नाहीस. मुक्ताईचं तर नाहीच. लहानपणी आजारातून उठलास तेव्हा आईने तुला तिच्या पायांवर घातलं होतं, आणि तुझ्या लेखी ती देवी कमी आणि घरातली वडीलधारी जास्त होती. तिची आण घेऊन तू खोटं बोलशील हे मला मानवेना. आणि माझ्या डोळ्यांनी मला फसवलं हेही मानवेना. उरलेली सगळी वर्षं मी या दोन्हींच्या मधे अडकून राहिलो. कधी थट्टेत विषय काढला, कधी चिडून. एकदा जेवताना वहिनींसमोर म्हणालो की भाऊने आण खोटी घेतली. तू पानावरून उठलास. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "त्यासनी आन लिधी ना? मंग झायं."

जमादारला तू त्याच वर्षी सारंगखेड्याला विकलंस. घेणारा लग्नाच्या वरातींना घोडे देणारा होता. पुढे अमळनेरला एका लग्नात आपल्याला तो दिसला, आठवतं? अंगावर झूल, डोक्याला तुरा. पुढे बँड, अंगावर फटाक्यांचा कागद उडत होता. फोटोवाल्याने थांबा म्हणून हात वर केला आणि जमादार जागच्या जागी थांबला, मागचा पाय ढिला सोडून. घोडेवाला अभिमानाने सांगत होता की असा शहाणा घोडा जिल्ह्यात नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं. मग मी हसलो, आणि तूही हसलास, नको नको म्हणत हसलास. त्या दिवशी मला वाटलं होतं की तू आता कबूल करशील. तू म्हणालास, "देख, मायना गुन."

मग रिक्षा आल्या. आधी जळगावला, मग धरणगावला. सवाऱ्या हात वर करायच्या त्या आता रिक्षांना. मैनी थांबायची आणि सवारी मागच्या रिक्षात चढायची. हे काही महिने चाललं. मग तू टांगा सोडलास, परसात लिंबाखाली उभा केलास, आणि एक दिवस कुणाला न सांगता मैनीला घेऊन चालत दोंडाईच्याला गेलास. वहिनींचा निरोप आला तेव्हा मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. मैनी म्हातारी झाली होती. शर्यतीचा घोडाही म्हाताराच.

पण मी नेहमी हेच म्हणत आलो होतो ना? पुन्हा तीच आई, तोच बाप घे, आणि शिंगराला टांग्याला बांधू नको. मग बघू रक्त की सवय. तू ते कधी ऐकल्यासारखं दाखवलं नव्हतंस.

मग बाई झाली, आज परसात उभी आहे ती. तू तिला नाव ठेवलंच नाहीस, नुसतं बाई म्हणत राहिलास. तोच तिरका खांदा, तेच खूर. तिला बांधायला टांगाच नव्हता. ती परसात वाढली, आईच्या मागे मोकळी. मैनी गेली तेव्हा तिने दोन दिवस तोंडात काही घेतलं नाही, आणि तूही नाही.

"भाऊ, आता बांबू बांधू," मी म्हणायचो. "घोडामैदान जवळच आहे."

"दात पडू दे," तू म्हणालास. दात पडले. मग "पाऊस उघडू दे." पाऊस उघडला. मग "कपाशी वेचाई जाऊ दे." कपाशी वेचून झाली, कापूस विकून झाला, पुन्हा पेरणी झाली. दवाखान्यातही मी विचारलं. नाकात नळी होती तरी तू उत्तर दिलंस, "थंडी पडू दे." ते आपलं शेवटचं बोलणं. लोक विचारतात, भाऊ शेवटी काय म्हणाला, आणि मी सांगतो, हवामानाबद्दल बोलला.

तुझं घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं ते मला तू गेल्यावर कळलं. बाईने उडी मारली असती तर रक्तात खोट नव्हती असं ठरलं असतं. म्हणजे टांगा नडला आणि हात नडला. हात नडला तर तुझी आण खोटी. आणि तिने उडी मारली नसती तर मैनीच्या रक्तात खोट निघाली असती. मुक्ताईची आण की मैनी, यातलं एक तुला सोडावं लागलं असतं. म्हणून तू बाईला नुसतं खाऊ घातलंस. मी तुला हट्टी म्हणायचो.

पण व्यापारी यात्रेच्या आधी येणार होता. थंडीही पडली होती.

परवा सकाळी मी वहिनींना म्हटलं, एकदा बघू. माझ्या खांद्याने आता कुणाच्या पाठीवर बसवत नाही, त्यामुळे घोडी मोकळीच सोडायची ठरवलं. परसाची भिंत आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांचं कुंपण, यांच्यामध्ये लांब बोळ आहे, तिथे. तुझे रंगवलेले बांबू शोधले, त्यांना वाळवी लागली होती. मग लिंबाखालच्या टांग्याचा दांडा निखळवला आणि तोच दोन पिंपांवर आडवा ठेवला. तुला बरं वाटलं नसतं. पण दुसरं काही हाताशी नव्हतं.

वहिनी बोळाच्या त्या टोकाला, घोडीच्या मागे. मी या टोकाला, दांड्याच्या पलीकडे, हातात भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं घेऊन. "सोडू?" त्यांनी विचारलं. सोडा म्हटलं. त्यांनी पदर हलवला आणि बाई निघाली.

आधी दुडक्या चालीने, अगदी मैनीसारखी, गुडघे उचलत. माझ्या मनात आलं, संपलं, ओढायचंच रक्त आहे. मग तिने दांडा पाहिला. कान पुढे झाले. चाल बदलली आणि ती मागच्या पायांवर बसल्यासारखी झाली. भाऊ, मी ते नाल्याकाठी पाठीवर बसून अनुभवलं होतं, पण समोरून कधी पाहिलं नव्हतं. तू पाहिलं होतंस. दर रविवारी तू हेच बघत होतास. ती उठली. पोटाखाली घेतलेले पुढचे पाय दिसले, त्यांच्या वर तिरका खांदा दिसला, आणि दांड्याच्या केवढ्या तरी वरून ती आली. कुठेही थांबली नाही. माझ्या शेजारी उतरली, चार ढांगा पुढे जाऊन वळली आणि परत आली.

वहिनी गुडघा धरत धरत बोळातून आल्या. त्यांचे डोळे ओले होते, आणि त्यांनी धूळ वगैरे काही सांगितलं नाही.

"मैनीनी पोर शे," त्या म्हणाल्या. "तो व्यापारी उना ते सांगा, उडी मारस म्हना. आनि इकानी नही म्हना. मना गुडघानं मी देखसू."

मी हो म्हटलं.

"आनि तुम्ही हात कसाले वर कया? माले वाटनं, आते थांबस ही."

"मी? मी कोठे हात वर कया?"

"दोन्ही हात व्हतात वर. माले तठून दिसनात."

"वहिनी, मना हातमा घमेलं व्हतं."

त्यांनी खाली बघितलं. घमेलं माझ्या पायाशी पालथं पडलं होतं. हरभरे मातीत सांडले होते आणि बाई ते एकेक वेचून खात होती.

भाऊ, मुक्ताईची आण घेऊन सांगतो, मी हात वर केला नव्हता.